‘म्यूरिएल’: अपराध, साक्ष आणि संदिग्धता

युद्धोत्तर समाजाच्या अपराधाचे चित्रण करणाऱ्या कलाकृतींचा विचार करताना आपल्या भाषेतील चार शब्द प्रथम एकमेकांपासून वेगळे करून घेणे इष्ट ठरते. अपराध ही घडलेली कृती होय. अपराधभाव म्हणजे त्या कृतीची कर्त्याच्या मनात टिकून राहिलेली जाणीव. पश्चात्ताप हे त्या जाणिवेला आलेले नैतिक वळण आणि प्रायश्चित्त हे त्या वळणाचे आचरणात झालेले रूपांतर. इंग्रजी समीक्षेत ‘गिल्ट’ हा एकच शब्द पहिल्या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे कृती आणि जाणीव यांमधील अंतर पुष्कळदा नजरेआड होते. अपराध असूनही अपराधभाव नसणे, अपराधभाव असूनही पश्चात्ताप नसणे आणि पश्चात्तापाचा आभास असूनही प्रायश्चित्ताचा मार्गच उपलब्ध नसणे, या तीनही अवस्था युद्धातून बाहेर पडलेल्या समाजात एकाच वेळी नांदताना दिसतात. त्या तिन्हींना एका घरात, एका गावात आणि पंधरवड्याच्या कालावधीत आणून बसविणारी कलाकृती म्हणून आलँ रेने यांच्या ‘म्यूरिएल’ (1963) या फ्रेंच चित्रपटाचे महत्त्व फार मोठे आहे. हा चित्रपट दुर्बोध म्हणून ओळखला जातो. त्याची दुर्बोधता ही कलावंताची लहर आहे, की त्याच्या विषयाने लादलेली नैतिक गरज आहे, हा प्रस्तुत लेखातील प्रश्न आहे.

प्रथम काळाची चौकट ध्यानात घ्यावयास हवी. अल्जीरियातील युद्ध 1954 मध्ये सुरू झाले. मार्च 1962 मधील एव्हियाँ करारांनी ते थांबले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. चित्रपटातील घटना 29 सप्टेंबर ते 14 ऑक्टोबर 1962 या दिवसांत घडतात. म्हणजे स्वातंत्र्याला जेमतेम तीन महिने झाले आहेत. ज्या युद्धाला फ्रेंच शासन ‘युद्ध’ हे नावही देत नव्हते, ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ या शब्दप्रयोगाने ज्याचा उल्लेख होत असे, ते संपून त्याची राखही अद्याप निवालेली नाही. या युद्धात फ्रेंच सैन्याने कैद्यांचा अनन्वित छळ केल्याचे फ्रान्समधील वाचकांना ठाऊक नव्हते असे नाही. आँरी आलेग यांचे ‘ला केस्त्यों’ हे स्वतःच्या छळाचे निवेदन 1958 मध्ये प्रसिद्ध झाले व शासनाने जप्तही केले. गोदार यांनी 1960 मध्ये तयार केलेला ‘ल पती सोल्दा’ हा चित्रपट 1963 पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. 1960 मध्येच 121 लेखक-कलावंतांनी या युद्धात शस्त्र उचलण्यास नकार देणाऱ्यांचे समर्थन करणारे पत्रक काढले. त्यावर रेने यांचीही सही होती.

चित्रपटाची संहिता लिहिणारे ज्याँ केरोल हे कवी आणि कादंबरीकार. नाझी आक्रमणाविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना अटक झाली आणि माउथहाउझेन-गुझेनच्या छळछावणीत त्यांना धाडण्यात आले. तेथून ते जिवंत परतले. रेने यांच्या छळछावण्यांवरील ‘रात्र आणि धुके’ या अर्थाच्या नावाच्या अनुबोधपटाचे निवेदन त्यांनीच लिहिले होते. त्या अनुबोधपटाला 1956 मध्ये फ्रेंच सेन्सॉरने एका दृश्यापुरता आक्षेप घेतला. दृश्यात कैद्यांच्या छावणीवर पहारा देणारा फ्रेंच पोलीस त्याच्या टोपीवरून ओळखू येत होता. टोपी झाकल्यावर चित्रपटाला परवानगी मिळाली. हा तपशील येथे केवळ माहिती म्हणून देत नाही. अपराध शत्रूचा असेल तर तो निःसंकोचपणे दाखवावा आणि आपल्या माणसाची टोपी तेवढी झाकावी, ही युद्धोत्तर समाजाची वृत्ती रेने आणि केरोल यांनी स्वतः अनुभवलेली होती. छळ सोसलेला कवी सात वर्षांनंतर आपल्याच देशाच्या सैनिकांनी केलेल्या छळाविषयी लिहितो, ही ‘म्यूरिएल’मागील नैतिक पूर्वपीठिका आहे.

कथानक वरवर पाहता घरगुती आहे. इंग्लिश खाडीच्या काठी वसलेल्या बूलोन-स्यूर-मेर या गावात एलेन नावाची मध्यमवयीन विधवा आपल्या राहत्या घरातच जुने फर्निचर विकण्याचा व्यवसाय करते. देल्फीन सेरीग यांनी ही भूमिका साकारली असून व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. एलेनच्या घरातील प्रत्येक खुर्ची आणि कपाट विक्रीसाठी आहे. आज ज्या मेजावर जेवण होते ते उद्या तेथे असेलच असे नाही. तिला जुगाराचे व्यसन आहे. तरुणपणीचा प्रियकर आल्फोन्स याला ती पत्र लिहून बोलावून घेते आणि तो फ्राँस्वाज नावाच्या तरुणीला ‘भाची’ म्हणून सोबत घेऊन येतो. ती त्याची भाची नाही. आपण पंधरा वर्षे अल्जीर्समध्ये व्यवसाय केला असे तो सांगतो. तेही खरे नाही. एलेनचा सावत्र मुलगा बेर्नार मात्र अल्जीरियातून खरोखर परत आला आहे. त्याच्याजवळ एक छोटा कॅमेरा व ध्वनिमुद्रक असून तो कसले तरी पुरावे गोळा करीत गावभर हिंडत असतो. आपण म्यूरिएलला भेटावयास जातो, असे तो सावत्र आईला सांगतो. म्यूरिएल ही त्याची वाग्दत्त वधू असावी असा एलेनचा समज होतो.

या समजाचा निरास ज्या दृश्यात होतो ते दृश्य म्हणजे चित्रपटाचा गाभा होय. बेर्नार एका वृद्ध परिचिताला अल्जीरियात स्वतः घेतलेली फिल्म दाखवितो. पडद्यावर सैनिक हसताहेत, एकमेकांची थट्टा करताहेत, पाण्यात उड्या मारताहेत. डोंगर दिसतात, मशिदीचा मनोरा दिसतो. एखाद्या सहलीच्या चित्रीकरणापलीकडे त्यात काही नाही. आणि याच चित्रांवरून बेर्नारचा सपाट, भावनाशून्य आवाज एका तरुणीच्या छळाची हकीकत सांगत जातो. ती कशी पडली होती, तिच्याशी काय काय केले गेले, रोबेर नावाच्या सहकाऱ्याने सिगारेट कशी पेटविली, तिने आपल्याकडेच का पाहिले, आणि अखेरीस ती कशी मेली. हीच म्यूरिएल. ते तिचे खरे नाव असण्याचीही शक्यता फार थोडी. अल्जीरियन मुलीला सैनिकांनी दिलेले हे युरोपीय नाव आहे. तिचा चेहरा चित्रपटात क्षणभरही दिसत नाही.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे चित्र आणि शब्द या दोन्ही वाचक सामग्री परस्परांना बाधित करतात. चित्र म्हणते, काहीच घडले नाही. शब्द म्हणतात, सर्व घडले आहे. या बाधेतून जो अर्थ उमटतो तो चित्रातही नाही आणि शब्दांतही नाही. तो असा की, ज्या हातांनी ही हसरी चित्रे टिपली त्याच हातांना तो छळ टिपावासा वाटला नाही, किंवा टिपता आला नाही. कॅमेरा होता आणि साक्षीदारही होता. साक्ष मात्र नाही. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले. येथे तो ध्वनी सौंदर्याचा नसून अभावाचा आहे. रेने यांनी छळाचे दृश्य नाट्यरूपाने उभे केले असते तर प्रेक्षकाला घृणा वाटली असती आणि घृणा वाटली म्हणून स्वतःविषयी थोडे समाधानही वाटले असते. ती सुटका दिग्दर्शकाने त्याला मिळू दिलेली नाही.

संदिग्धतेचा प्रश्न या ठिकाणी नेमकेपणाने मांडता येतो. विल्यम एम्प्सन यांनी 1930 मध्ये काव्यातील संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले. अपराधाच्या कथनापुरते त्यांतून एक स्थूल द्वैत मांडले तरी पुरेसे आहे. कृतीविषयीची संदिग्धता हा पहिला प्रकार. काय घडले हेच निश्चित नसते. कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (1950) हे याचे सर्वपरिचित उदाहरण. पराभूत आणि परकीय अंमलाखालील जपानमध्ये निर्माण झालेल्या त्या चित्रपटात एका मृत्यूच्या चार हकीकती सांगितल्या जातात आणि सत्य कोणते हे ठरविता येत नाही. दुसरा प्रकार जबाबाविषयीच्या संदिग्धतेचा. कृती घडली याविषयी शंका नसते, परंतु तिचे उत्तरदायित्व कोण, कोणापुढे आणि कोणत्या भाषेत स्वीकारणार हे अनिश्चित राहते. ‘म्यूरिएल’मधील संदिग्धता या दुसऱ्या प्रकारची आहे. बेर्नारची हकीकत खोटी असावी असे सुचविणारे काहीही चित्रपटात नाही. संदिग्ध आहे ती त्या हकीकतीची नैतिक जात. हा कबुलीजबाब आहे की फिर्याद? बोलणारा अपराधी म्हणून बोलतो आहे, की साक्षीदार म्हणून? आपण काय केले यापेक्षा रोबेरने काय केले यावर त्याचा भर का आहे?

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे या चित्रपटाचे एक प्रचलित अर्थनिर्णयन निर्माण झाले आहे. ‘हिरोशिमा मों आमूर’ (1959) आणि ‘मारिएनबादमधील गेले वर्ष’ (1961) या आधीच्या दोन चित्रपटांशी सांगड घालून ‘म्यूरिएल’कडे स्मृती आणि काळ यांविषयीचे चिंतन म्हणून पाहिले जाते. माणसाची स्मृती अविश्वसनीय असते, प्रत्येकाचा भूतकाळ वेगळा असतो, असा त्याचा आशय सांगितला जातो. एलेन आणि आल्फोन्स यांच्या 1939 मधील प्रेमाच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत, कोणी कोणाला सोडले याविषयी एकमत होत नाही आणि एक महत्त्वाचे पत्र पोहोचलेच नव्हते असे उशिरा कळते, हे सारे या अर्थाला पोषक आहे हे मान्य करावयास हवे. परंतु या वाचनात बेर्नारची स्मृती आणि एलेनची स्मृती एकाच पातळीवर येतात. प्रेमभंगाची आठवण आणि हत्येची आठवण या दोन्ही ‘स्मृती’ या एका नावाखाली जमा होतात आणि त्या गोळाबेरजेत हत्या विरघळून जाते.

चित्रपटाची रचना या गोळाबेरजेला विरोध करते, असे मला वाटते. दोन्ही कथासूत्रे शेजारी ठेवलेली आहेत ती त्यांतील साम्य दाखविण्यासाठी जेवढी, तेवढीच त्यांतील विषमता दाखविण्यासाठी. आल्फोन्सजवळ न घडलेल्या अल्जीरियाच्या असंख्य आठवणी आहेत आणि त्या तो जेवणाच्या मेजावर खुशाल सांगतो. बेर्नारजवळ घडलेल्या अल्जीरियाची एकच आठवण आहे आणि ती त्याला त्या मेजावर सांगता येत नाही. खोट्या आठवणीला श्रोते मिळतात, खऱ्या आठवणीला अंधारी खोली शोधावी लागते. युद्धोत्तर समाजाच्या संभाषणाचे हे मर्मग्राही निदान आहे. एलेन दुष्ट नाही. ती प्रेमळ आहे, गोंधळलेली आहे आणि स्वतःच्या एका जुन्या दुःखात इतकी गुरफटलेली आहे की शेजारच्या खोलीतील दुःखाकडे पाहावयास तिला सवडच नाही. समाज अपराध विसरतो तो बहुधा क्रौर्यामुळे विसरत नाही. तो असा, स्वतःच्या दुःखात रमून विसरतो.

गावाची योजनाही याच दृष्टीने पाहिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात बूलोनवर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला आणि पुढे ते नव्याने बांधले गेले. साशा व्हिएर्नी यांच्या छायाचित्रणात जुन्या आणि नव्या इमारती, दिवस आणि रात्र इतक्या जलद एकमेकांत मिसळतात की पाहणाऱ्याला दिशाच कळू नये. गावाचा मध्यभाग कोठे आहे असे विचारणाऱ्याला, तुम्ही मध्यभागीच उभे आहात, असे उत्तर मिळते. पुनर्बांधणी झालेल्या गावाला केंद्र आहे, पण ते ओळखू येत नाही. एलेनचा मित्र द स्मोक याचा धंदा इमारती पाडण्याचा. एलेनचे घर विक्रीच्या सामानाने भरलेले. एका युद्धाचे ढिगारे उपसून त्यांवर सुबक इमारती उभ्या करणारा समाज दुसऱ्या युद्धाचेही तसेच करणार आहे, हे सुचविण्यासाठी रेने यांना याहून अधिक बोलावे लागलेले नाही. हान्स वेर्नर हेन्त्झे यांच्या संगीतातील स्त्रीस्वर मधूनमधून असा काही उसळतो की पडद्यावरील सामान्य कृतींना, किटलीला, दाराच्या मुठीला, एक अनाकलनीय भय चिकटते. कॅमेरा जवळजवळ सर्वत्र स्थिर असतो. आखूड, तुटक दृश्ये एकामागून एक येतात. सलग पाहण्याची क्षमता गमावलेल्या मनाची ही पाहण्याची रीत आहे.

अखेरीकडे एका रविवारी जेवणाच्या वेळी आल्फोन्सचे बिंग फुटते, झटापट होते आणि त्या गोंधळात बेर्नारचा ध्वनिमुद्रक सुरू होतो. त्यातून हसण्याचे आवाज ऐकू येतात. घरातील इतरांना ते केवळ हसणे वाटते. बेर्नारला ते कोणत्या प्रसंगीचे हसणे आहे हे ठाऊक असते. तो बाहेर पडतो आणि रोबेरला गोळी घालून ठार करतो.

या हत्येचा अर्थ काय लावावयाचा? न्याय, असे एक उत्तर संभवते. न्यायालये जे करणार नाहीत ते एका व्यक्तीने केले. प्रायश्चित्त, असे दुसरे. परंतु प्रायश्चित्त स्वतः घ्यावयाचे असते, दुसऱ्याला द्यावयाचे नसते. रोबेर हा बेर्नारप्रमाणेच त्या रात्रीचा एक साक्षीदार आहे. त्याला मारून बेर्नार अपराधाचा बदला घेतो, तसाच अपराधाचा पुरावाही नष्ट करतो. पुराव्यांच्या शोधात हिंडणाऱ्या माणसाने अखेरीस जिवंत पुरावाच संपवावा, हा या कथेतील दारुण उपरोध आहे. कार्ल यास्पर्स यांनी 1946 मध्ये जर्मन अपराधाची चिकित्सा करताना फौजदारी, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिकीय अशी अपराधाची चार रूपे सांगितली आणि प्रत्येकाचे न्यायासन वेगळे मानले. फौजदारी अपराधाचे न्यायासन न्यायालय, नैतिक अपराधाचे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी. बेर्नारची शोकांतिका अशी की, पहिले न्यायासन त्याच्या समाजाने बंद करून टाकले आहे आणि दुसऱ्यापुढे एकट्याने उभे राहण्याचे बळ त्याच्यात नाही. म्हणून तो रोबेरच्या रूपाने स्वतःचाच एक भाग न्यायासनापुढे उभा करतो आणि शिक्षा देऊन मोकळा होतो. मोकळा होतो का, याचे उत्तर चित्रपट देत नाही. ते देणे खोटेपणाचे झाले असते.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून चालणार नाही. जिच्या नावावर हा चित्रपट उभा आहे तिला त्यात ना चेहरा आहे, ना आवाज, ना स्वतःचे नाव. अपराध्याच्या मनाची घालमेल इतक्या तरलतेने रंगविणारी कला बळीला दुसऱ्यांदा पुसून टाकीत नाही काय? वसाहतीच्या अनुभवातून आलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हा प्रश्न अधिकच टोचावा. त्याचे निर्णायक उत्तर आहे असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणता येईल की, हा चित्रपट अल्जीरियाविषयी असल्याचा आव आणीत नाही. तो अपराधी समाजाविषयी आहे आणि म्यूरिएलची अनुपस्थिती हा त्या समाजाच्या अवस्थेचा प्रामाणिक नकाशा आहे. तिला जिवंत पाहावयाचे असेल तर पोंतेकोर्व्हो यांच्या ‘अल्जीर्सची लढाई’ (1966) या चित्रपटाकडे वळावे लागते. तेथे अल्जीरियन स्त्रियांना चेहरे आहेत, इच्छाशक्ती आहे. ‘म्यूरिएल’ त्या चित्रपटाची जागा घेऊ शकत नाही. उलट, एखाद्या समीक्षकाने म्यूरिएलला मानवी स्मृतीचे किंवा हरवलेल्या निरागसतेचे प्रतीक ठरविले, तर तिला पुसून टाकण्याचे काम चित्रपटाने केले नसून त्या समीक्षकाने केलेले असेल. प्रतीक करणे ही अशा ठिकाणी नाव हिरावून घेण्याचीच सौम्य रीत असते.

पुढील इतिहासाने या चित्रपटाची दृष्टी किती अचूक होती हे दाखवून दिले. मार्च 1962 मध्येच निघालेल्या आज्ञांनी सैनिकांच्या कृत्यांना माफी दिली होती आणि 1968 च्या कायद्याने ती अधिक व्यापक केली. अल्जीरियात झाले ते ‘युद्ध’ होते हे फ्रेंच संसदेने मान्य केले ते ऑक्टोबर 1999 मध्ये. 2001 मध्ये जनरल ओसारेस यांनी आपण केलेल्या छळाचे आणि हत्यांचे वर्णन पुस्तकरूपाने, खेदाचा लवलेशही न दाखविता, प्रसिद्ध केले. त्यांना शिक्षा झाली ती त्या कृत्यांचे समर्थन केल्याबद्दल दंडाची. कृत्यांना माफीचे कवच होते. गणितज्ञ मोरीस ओदँ यांचा 1957 मध्ये सैन्याच्या हातून छळ होऊन मृत्यू झाला, हे फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी 2018 मध्ये मान्य केले. एकसष्ट वर्षे लागली. ओदँ यांचे नाव तरी ठाऊक होते. नाव ठाऊक नसलेल्यांची कबुली कोण आणि कशी देणार? बेर्नारच्या सपाट आवाजातील ती हकीकत या प्रश्नापाशीच येऊन थांबलेली आहे.

यावरून एक सर्वसाधारण निकष हाती लागतो. युद्धोत्तर अपराधाविषयीच्या कलाकृतीतील संदिग्धता मूल्ययुक्त ठरते ती कृती निःसंदिग्ध राहते तेव्हाच. कृतीच धूसर करणारी आणि त्या धूसरतेला खोली म्हणून मिरविणारी कला अंतिमतः माफीच्या कायद्याचेच काम करते. ‘म्यूरिएल’ ती वाट चोखाळत नाही. काय झाले हे तो नेमके सांगतो आणि त्याचे काय करावयाचे हे माहीत नसलेल्या माणसांच्या घरात आपल्याला नेऊन सोडतो.

शेवटच्या दृश्यात आल्फोन्सची पत्नी सिमोन त्याला शोधीत एलेनच्या घरी येते. तोपर्यंत तो पळून गेलेला असतो. दार उघडे आहे, घर रिकामे आहे. इतका वेळ स्थिर असलेला कॅमेरा आता तिच्यामागून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सलग फिरू लागतो. तिला ना म्यूरिएल ठाऊक, ना बेर्नार. तिला फक्त आपला माणूस हवा आहे. ज्या खोल्यांत एवढे सर्व बोलले गेले आणि एवढे सर्व बोलावयाचे राहिले, त्यांत तिला मेज, खुर्च्या आणि विकावयाचे सामान दिसते. अपराध जेथे घडला आणि जेथे तो सांगितला गेला, त्या जागांवर त्याची खूण राहत नाही. ती ठेवावयाची असेल तर माणसांनीच ठेवावी लागते.